निकालानंतरचा वारंगुळा

“बैल घेऊन या. वापसा आलाय.”

जून महिन्यात, बालाघाटाच्या डोंगरावरच्या एका गावात, एवढंच बोलणं झालं आणि दोन घरांमधला अबोला सुटला. बोलणाऱ्या काकू उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या होत्या. आत खाटेवर बसलेल्या नानांनी मान वर केली, काकूंकडं न बघता गोठ्याकडं बघितलं आणि पायांत वहाणा सरकवल्या. चहा झाला नाही. झालं गेलं विसरून जाऊ, असंही कुणी म्हणालं नाही. तासाभरात दोन घरांचे दोन बैल एका जुवाखाली आले आणि तिफण सुरू झाली.

बीड जिल्ह्यातल्या या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. इथल्या माणसांना अजून एकमेकांच्या शेजारी जन्म काढायचाय. गावनात्यानं सगळे ज्यांना नाना म्हणतात त्यांना मीही नाना म्हणते, आणि काकूंच्या मालकांना तात्या.

तात्यांचं घर मराठा, नानांचं वंजारी. दोघांची रानं एकाच बांधाला लागून. जमीन उताराची, मुरमाड. पट्टे इतके अरुंद की ट्रॅक्टर नीट वळत नाही. पुरी बैलजोडी सांभाळायची ऐपत दोघांचीही नाही. म्हणून तात्यांच्या दावणीला एक बैल आणि नानांच्या दावणीला एक. पेरणी, कोळपणी, पाळी आली की दोन्ही बैल एकत्र येतात. आज यांचं रान, उद्या त्यांचं. याला इकडं वारंगुळा म्हणतात. पुण्या-साताऱ्याकडं सावड म्हणतात. यात पैसा नाही, कागद नाही. हिशेब तोंडी, आणि तोही दिवसांचा. गेले १७ पावसाळे हा वारंगुळा बिनबोभाट चालला होता. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, तो थांबला.

त्या वर्षी जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर असं तीनदा मी या गावात जाऊन राहिले. निवडणूक संपल्यावर गाव पुन्हा कामाला कसं लागतं, एवढंच मला बघायचं होतं.

गुलाल आणि दळण

२०२४ ची लोकसभा निवडणूक सात टप्प्यांत झाली. देशभरात ६४ कोटींहून जास्त लोकांनी मत दिलं. बीडचं मतदान १३ मे रोजी झालं. ४ जूनची मोजणी इथं रात्री उशिरापर्यंत चालली. आघाडी कधी इकडं झुकायची, कधी तिकडं. अखेर राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार गटाचे बजरंग सोनवणे यांनी भाजपच्या पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. दोघांच्याही पारड्यात पावणेसात लाखांहून जास्त मतं पडली होती. म्हणजे गुलाल उधळणारा जिल्हा आणि दारं लावून घेणारा जिल्हा जवळपास सारखाच मोठा होता.

या निवडणुकीला आधीच धग होती. १ सप्टेंबर २०२३ रोजी शेजारच्या जालना जिल्ह्यात, अंतरवाली सराटीत, मराठा आरक्षणासाठी बसलेल्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांचं नाव घराघरांत गेलं. ऑक्टोबर संपता संपता बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळानं मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारा कायदा केला, पण ओबीसी प्रवर्गातूनच आरक्षण हवं, ही मागणी उभीच राहिली. तिकडं वंजाऱ्यांसह ओबीसी समाजात आपला वाटा जाईल ही धास्ती वाढत गेली. निकालानंतर दहाच दिवसांत वडीगोद्रीला लक्ष्मण हाके ओबीसींच्या बाजूनं उपोषणाला बसले. विकास, महागाई, पीकविमा हे प्रचारातले शब्द बाजूला पडले आणि मत म्हणजे जातीची हजेरी होऊन बसली.

गावात हे कसं उतरलं, ते गिरणीनं दाखवलं. गावात पिठाच्या दोन गिरण्या. आधी ज्याला जी जवळ तो तिथं दळण टाकायचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी बघितलं, डोक्यावर ज्वारीचा डबा घेतलेली एक म्हातारी घराशेजारची चालू गिरणी ओलांडून पार दुसऱ्या टोकाच्या गिरणीकडं निघाली होती. ऊन तापलेलं. “जवळची बंद आहे का, आजी?” मी विचारलं. “चालू हाय की,” ती म्हणाली, “पण पोरांनी सांगितलंय तिकडं जायाचं न्हाई.” ती थांबली नाही, डबाही उतरवला नाही.

फाट्यावरच्या दोन हॉटेलांचं तेच झालं, केस कापायच्या दुकानाचंही तेच. जिल्ह्यात काही ठिकाणी तर दुसऱ्या समाजाच्या दुकानाची पायरी चढायची नाही अशा शपथा घेतल्याच्या बातम्या आल्या. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पण घराशेजारची गिरणी ओलांडून जाणाऱ्या म्हातारीला कोणतं कलम लावणार? तिच्या डोक्यावरचं ते जास्तीचं ओझं कुठल्याच नोंदवहीत चढत नाही.

लीड

मत गुप्त असतं असं आपण शाळेत शिकतो. माणसाचं मत गुप्त राहतं हे खरं. गावाचं राहत नाही.

मतमोजणी केंद्रावर प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा वाचला जातो. यंत्र म्हणजे एक मतदान केंद्र, आणि लहान गावात एक केंद्र म्हणजे अख्खं गाव. उमेदवाराचा प्रतिनिधी तिथंच आकडे टिपून घेतो. पुढं नमुना २० मध्ये केंद्रनिहाय मतं अधिकृतपणेही जाहीर होतात. ५ जूनच्या सकाळी फाट्यावर हे आकडे मोबाइलवर फिरत होते. कुणाला कुठून ‘लीड’, कोणत्या वस्तीनं ‘दगा’ दिला, याची उजळणी चालली होती. अपेक्षेपेक्षा २० मतं कमी पडली की त्या २० जणांचा शोध सुरू होतो. कोण कुणाच्या लग्नाला गेला होता, कोण कुणाच्या गाडीत बसला होता, कुणाचा जावई कुठल्या गावचा. सगळं उकरलं जातं.

कागदी मतपत्रिकांच्या काळात यावर एक साधा उपाय होता. जिथं मतदारांवर दबाव येण्याची भीती असेल तिथं वेगवेगळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळून मग मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रं आली आणि ती मिसळण गेली. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं ‘टोटलायझर’ वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सरकारपुढं ठेवला. विधी आयोगानंही २०१५ मध्ये तशी शिफारस केली. केंद्र सरकारनं ती स्वीकारली नाही.

मला ही गोष्ट फार मोठी वाटते. खासदार निवडायला गावाचा वेगळा आकडा कळायची काहीच गरज नसते. तो आकडा लागतो फक्त नंतर हिशेब चुकता करायला. मतं मिसळून मोजली गेली असती, तर या गावातला निदान निम्मा अबोला झालाच नसता, असं इथल्या शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींनी मला सांगितलं. अनेक वर्षं ते निवडणुकीच्या ड्युटीवर जायचे. “बोटाला शाई लावायचं काम मी केलं,” ते म्हणाले, “ती पुसायला महिना लागतो. आकडा पाच वर्षं पुसला जात न्हाई.”

एकाच माळावरची दोन पोरं

तात्यांचा धाकटा आणि नानांचा थोरला, दोघंही पोलीस भरतीची तयारी करतात. रोज पहाटे गावाबाहेरच्या माळावर १६०० मीटर धावायचं, मग गोळाफेक. वर्षभर ते एकाच घड्याळावर वेळ लावून धावले. निकालानंतर एक जण माळाच्या वरच्या अंगानं धावू लागला, दुसरा खालच्या.

१९ जूनपासून राज्यात पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या सुरू झाल्या. जागा साधारण साडेसतरा हजार. अर्ज १७ लाखांहून जास्त. म्हणजे एका जागेमागं शंभरेक पोरं. दोघांपैकी कुणाचंच काम झालं नाही. नानांचा पोरगा मला म्हणाला, “त्यांना वाटतं आरक्षण नाही म्हणून गेलं. आम्हाला वाटतं असलेलं पण जाईल. खरं सांगू का ताई, जागाच न्हाईत.”

मी या वादात निवाडा द्यायला बसलेली नाही. तात्यांच्या घराची तीन एकर जमीन दोन पिढ्यांत वाटण्या होऊन उरलेली आहे. पोरगा पदवीधर आहे आणि कॉलेजची फी भरताना सवलतीचा कुठलाच रकाना त्याच्या नावापुढं नव्हता, ही वेदना खरी आहे. नानांच्या घरात शिकलेली ही पहिली पिढी; वडिलांनी २२ गळीत हंगाम ऊस तोडून पोराला इथवर आणलंय, आणि हातातोंडाशी आलेला घास जाईल ही भीतीही खरी आहे. या प्रश्नाचा निकाल विधिमंडळात आणि न्यायालयात लागायचा आहे, बांधावर नाही. पण बांधावरच्या माणसांना तोवर जगायचंय.

आणि जगण्यातलं दुखणं दोन्ही घरांचं एकच आहे. २०२३ चा पाऊस रुसला. त्या वर्षी राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत बीडचे वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई होते. २०२४ मध्ये पोळ्याच्या तोंडावर आलेला पाऊस मराठवाड्याला झोडपूनच गेला. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात शेतकऱ्याच्या पदरात पडणारा भाव त्याहून बराच खाली. आडत्याच्या काट्यावर पोतं चढतं तेव्हा ते मराठ्याचं की वंजाऱ्याचं, काटा विचारत नाही. दोघांनाही सारखंच लुबाडलं जातं.

कोयता

दिवाळी सरली की या डोंगरातली गावं अर्धी रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. कोयत्यांची टोळी, टोळीचा मुकादम, मुकादमानं आधीच वाटलेली उचल, आणि मग ट्रकमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. जिल्ह्यातून लाखो माणसं अशी जातात. सगळ्यांत जास्त वंजारी. पण मराठा, दलित, बंजारा, धनगर, मुसलमान असे सगळेच.

टोळीत निवडणूक टिकत नाही, हे मला ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी सांगितलं. पहाटे चारला थंडीत फडात उतरायचं. एकानं तोडायचं, एकीनं मोळ्या बांधायच्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. खालून मोळी उचलून डोक्यावर देणारा हात लागतोच. एकट्या बाईला ती उचलून घेता येत नाही. “हात कुणाचा हाय बघत बसलं तर गाडी भरत न्हाई,” एक जण म्हणाली.

दुखणंही टोळीत वाटून घेतलं जातं. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली आढळली. पाळी आली म्हणून खाडा झाला की मजुरी कापली जाते, मग एकदाचं काढूनच टाका, असा सल्ला मिळायचा. त्या तेरा हजारांत सगळ्या जातींच्या लेकी होत्या. त्यांच्यासाठी कुणी जातीचा मोर्चा काढला नाही.

इथली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दराचा तिढा सुटला आणि मजुरांना ३४ टक्के दरवाढ मिळाली. ती ठरवायला लवाद म्हणून जे बसले होते ते शरद पवार आणि पंकजा मुंडे. चार महिन्यांनी याच जिल्ह्यात दोघं एकमेकांविरुद्ध प्रचारात उभे राहिले. नेत्यांना हे जमतं. सकाळी एका मेजावर बसायचं आणि संध्याकाळी वेगळ्या व्यासपीठावर. मग त्यांच्यामागं चालणाऱ्या पोरांनीच तेवढं एकमेकांच्या गिरणीत दळण टाकणं का सोडावं?

लोंबता दगड

या भागाला एकत्र कामाची सवय नव्हती असं नाही. अंबाजोगाईत द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये ‘मानवलोक’ उभी केली. समाजवादी चळवळीतून आलेला हा माणूस पाणलोटाच्या कामात, गावोगावच्या बांधबंदिस्तीत रमला. शैला लोहिया यांनी ‘मनस्विनी’तून बायकांचं काम उभं केलं. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये राज्यातल्या ज्या पहिल्या तीन तालुक्यांत झाली, त्यांत अंबाजोगाई होता.

याच कामाची एक आठवण हे गाव जपून आहे. २०१९ मध्ये वॉटर कपचं श्रमदान ८ एप्रिल ते २२ मे असं ४५ दिवस चाललं. त्याच उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक होती. बीडनं १८ एप्रिलला मतदान केलं आणि निकाल लागला २३ मे रोजी. माणसं सकाळी सहाला डोंगरावर चर खणायची आणि संध्याकाळी आपापल्या उमेदवाराच्या सभेला जायची. गुरुजी म्हणतात, त्या वर्षीही मतं फुटली, पण माणसं फुटली नाहीत. सकाळी घामानं भिजलेल्या माणसाला संध्याकाळी शिवी द्यायला जीभ वळत नव्हती.

गुरुजींनी घराच्या माळवदावरून त्या वेळची ए-फ्रेम खाली काढून दाखवली. बांबूच्या दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाला बांधलेल्या, मध्ये आडवी काठी, आणि वरून सुतळीनं सोडलेला एक दगड. आडव्या काठीवर बरोबर मध्यावर खूण. एक पाय जमिनीवर ठेवायचा आणि दुसरा पाय वर-खाली सरकवत राहायचा. सुतळी हलत हलत खुणेवर थांबली की दोन्ही पाय एका पातळीवर आले. तिथं फक्की टाकायची आणि पुढचं पाऊल. असं करत डोंगराच्या अंगावर समपातळीची रेषा उमटत जाते. ती रेषा सरळ जात नाही. डोंगर जसा वळेल तशी वळते. कुणाचा गट नंबर कुठं संपतो हे तिला ठाऊक नसतं. तिच्यावर खणलेला चरच पाणी धरतो. मालकी बघून खणलेला चर पहिल्या वळवात फुटतो.

गुरुजींनी अंगणात मला ती धरायला दिली. सुतळी स्थिर व्हायला वेळ लागतो. घाई केली की दगड झुलतच राहतो. वारा आला तर एकानं आडोसा धरावा लागतो.

२०१९ नंतर हे सगळं का विरलं? स्पर्धा संपली, करोना आला, चरांत गाळ भरला, आणि तो काढायला परत कुणी कुणाला हाक मारली नाही. एकदा केलेलं काम माणसांना कायमचं बांधून ठेवत नाही. वारंगुळ्यासारखं ते दर हंगामाला नव्यानं जुंपावं लागतं.

बहुमत आणि सहमती

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांच्या साथीनं या गावानं एक रीत घालून घेतली: ग्रामसभेत निर्णय बहुमतानं करायचा नाही, सर्वांच्या सहमतीनं करायचा. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. वेळ जातो, पण झालेला निर्णय कुणाच्या उरावर बसत नाही. याच रीतीनं पुढं गेलेल्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्याचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले.

देशाचं सरकार सहमतीनं निवडता येणार नाही. तिथं मोजणीच लागते आणि हरणाऱ्यानं हार मानावीच लागते. पण गावातल्या पाण्याचा, रस्त्याचा, स्मशानाचा निर्णय मोजणीनं केला तर हरलेली बाजू तिथंच, शेजारी राहते आणि दुसऱ्या दिवशी कामाला येत नाही. दिल्लीची रीत दिल्लीला आणि गावची रीत गावाला, हे मेंढ्यानं ओळखलं.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं होतं, की राजकीय लोकशाहीच्या बुडाशी सामाजिक लोकशाही नसेल तर ती टिकणार नाही. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तिन्ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत. स्वातंत्र्य आणि समता यांसाठी आपण कायदे केले. बंधुतेसाठी कायदा करता येत नाही. ती उचलून दिलेल्या मोळीत असते, आणि आपल्या रानाआधी दुसऱ्याच्या रानात नेलेल्या बैलात असते.

पाणंद

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मी हजर होते. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांत जो आकडा कमी तेवढा कोरम लागतो. माणसं गावात होती, पण दोन हॉटेलांवर विभागून. सभा तहकूब झाली. तंटामुक्त गाव मोहिमेचा जुना फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तसाच होता. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात ही मोहीम सुरू झाली होती.

२ ऑक्टोबरची सभा मात्र भरली. तिला माणसं आणली ती पाणंदीनं.

शिवाराकडं जाणारी ही वाट गावनकाशात आहे. पण दर पेरणीला दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यांनी एकेक तास तिच्यात घातला, आणि चाळीस वर्षांत गाडीवाटेची पायवाट झाली. सप्टेंबरच्या पावसानंतर सोयाबीन काढून ढीग घातले, आणि मळणी यंत्र आत जाईना. ढीग खालून तापू लागले, दाणा काळा पडू लागला. हमीभावानं विकायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. इथं शेंगेलाच कोंब फुटायला आले. बायकांनी डोक्यावरून एकेक भारा गावाजवळ आणला. तात्यांच्या घरच्या काकू आणि नानांच्या घरच्या मावशी एकाच वाटेनं, एकामागं एक, दिवसाला वीस-वीस खेपा घालत होत्या.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. एरवी ती वहीत होते, सह्यांपुरती. या वेळी १ ऑक्टोबरला ती शाळेच्या वऱ्हांड्यात खरोखर झाली आणि बायकांनी एकच ठराव केला: पाणंद मोकळी करा. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या ग्रामसभेला आल्या आणि सतरंजीवर पुढं बसल्या. सरपंचांनी नकाशा उलगडला. वाद झालाच. “आधी त्यांनी सोडावं,” दोन्हीकडून एकच वाक्य आलं. एक जण निकालाचं काढू लागला, तेव्हा काकू उठल्या. त्या कधी सभेत बोललेल्या नव्हत्या. पदर दाताखाली धरून बोलल्या.

“वाट आपण दोघांनी खाल्ली. एकट्यानं न्हाई खाल्ली. मग दोघांनी सारखं मागं सरा की. मागं सरल्याबिगर पुढं कसं जाता येईल?”

ठरलं ते असं: १२ फूट वाट, दोन्ही बांधांनी सहा-सहा फूट मागं सरायचं. शेत-पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आहे, पण विधानसभेची आचारसंहिता कधीही लागेल आणि मग नवं काम सुरू होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून एकरी वर्गणी काढली. ज्याच्याकडं पैसे नव्हते त्यानं दिवस दिले. जेसीबी चार दिवस चालला. मुरूम गावच्याच टेकडीचा. माळावर वर-खाली धावणारी ती दोन्ही पोरं हद्दीचे दगड सरकवायला होती. त्यांचं पूर्वीसारखं जमलं असं मी म्हणणार नाही. पण मोजपट्टीची दोन टोकं दोघांनी धरली होती, आणि ती ओढून धरल्याशिवाय माप येत नाही.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. फाट्यावर परत झेंडे दिसू लागले, मोबाइलवर परत त्याच चित्रफिती. एका शेतकऱ्यानं आपल्या बाजूचे सहा फूट तोवर सोडलेले नव्हते, तेवढ्या तुकड्यात ट्रॅक्टर तिरका काढावा लागायचा. दोन्ही हॉटेलं तेव्हाही वाटलेलीच होती. गिरणीचं मात्र बदललं. पाणंदीतून आलेलं पोतं जिथं जवळ पडायचं तिथंच उतरायचं आणि बायका दळणही तिथंच टाकायच्या.

निघायच्या दिवशी सकाळी मी रानात गेले. नानांच्या पट्ट्यात रब्बी ज्वारीची पेरणी चालली होती. तिफण तात्यांच्या हातात, चाड्यावर मूठ नानांच्या घरच्या मावशींची. नाना बांधावर बसून हाताच्या बोटांवर पुढचे दिवस मोजत होते: यंदा कोयता पोरानंच न्यायचा म्हणतो, निघायचं कधी, त्याआधी कोळपण्या किती, कुणाच्या रानात किती दिवस झाले, किती राहिले. मतदान २० नोव्हेंबरला होतं. ज्वारीची दुसरी कोळपणी त्याच सुमारास येणार होती.

“तात्या, वीस तारखेला बैल कुणाकडं?” नानांनी ओरडून विचारलं.

तात्यांनी तासाच्या टोकाला जोडी वळवली, कासरा सैल सोडला.

“सकाळी मतदान करू,” ते म्हणाले. “मग तुमच्याच रानात.”